एकोणीस जानेवारीची नोंद

कंपूतल्या तिसऱ्या मजल्यावर
लॅपटॉपच्या उबेला हात धरून
मी चाळीस हिवाळ्यांचा वारा आटवत बसले आहे.
जोधपूर, दिल्ली, ग्वाल्हेर, गुवाहाटी,
रोज दोन फुगे, फुग्यागणिक वीस-बावीस आकडे,
आटून आटून उरतात सात आकृत्या.
पहिली : हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला वेगवान झोत.
दुसरी : भूमध्य समुद्राकडून येणारी लाट,
जिच्या मागोमाग इथे धुकं बसतं
आणि किल्ला दिसेनासा होतो.
सातव्या आकृतीनंतर जे काही, त्याला आम्ही गोंगाट म्हणतो.

माहुरकरकाका गजक घेऊन वर आले.
वेधशाळेत एकतीस वर्षं. पहाटेचा फुगा त्यांचा.
तुकडा मोडता मोडता म्हणाले,
"सत्त्याऐंशीचा एकोणीस जानेवारी काढ."
काढला. पाचशे मिलिबारची उंची
पाच हजार सातशे बावन्न मीटर.
"खोटं आहे ते.
रजईतून निघावंसं वाटलं नाही, एवढंच.
रामसेवकला म्हटलं, आज रहने दो भाई.
आदल्या दिवशीच्या आकड्यांत
इथे तीन, तिथे पाच मिळवले,
टेलिप्रिंटरवर दिल्लीला धाडून दिलं."

मी तो दिवस सातही आकृत्यांवर ठेवून पाहिला.
कुठेच खटकेना. बरोबर मधोमध
शहाण्या पोरासारखा मांडी घालून बसलेला.
"काही बिघडलं नाही काका," मी म्हणाले,
ओझं उतरावं म्हणून.

ते गप्प. खिडकीच्या ओलसर काचेवर
बोटाने एक रेघ वर नेली.
मग म्हणाले,
"म्हणजे बाकीच्या दिवशीही नसतो गेलो
तर चाललं असतं?"

मला सांगता आलं असतं
की हा खोटा आकडा खरा वाटतो
तो त्या बाकीच्या पहाटांच्याच जिवावर;
फुग्याचं तोंड बांधताना बधिरलेली बोटं नसती
तर जानेवारी कसा असतो
हे गणिताला कळलंच नसतं.
पण तोंडात गजक होती,
आणि वाक्याचं भाषण होऊ लागलं होतं.

मी तो आकडा पुसला.
त्या जागी, नियमाप्रमाणे, चारदा नऊ. नोंद नाही.
गणित पुन्हा लावलं. आतला पंखा घुरघुरला.
अकरा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

तिसऱ्या आकृतीत, चौथ्या दशांशस्थळी,
साताचा आठ झाला.

काकांनी चष्मा कपाळावर सारला,
पडद्याला नाक लागेल इतके वाकले.
"कुठे?" म्हणाले. "बोट ठेवून दाखव."