जवसाचा निळा

अंबडच्या कारखान्यात आठवडाभर
डब्यांची झाकणं उघडून मी सांगतो,
हा अंमळ पिवळट मारतोय,
हा परत घोटा.
रविवारी सुट्टी.
पौषाची थंडी, निफाडला पारा म्हणे पाचावर,
आणि मी गाडी काढून चांदोरीच्या अंगाला,
खिशात शेडकार्ड. सवयीनं.

सगळं करडंच आधी.
बाभळीखालचं गवत, गोदेवरचं धुकं,
पाटाच्या कडेला गारठून बसलेलं कुत्रं.
द्राक्षाच्या पानांवर निळा होता,
पण तो मी धरला नाही.
तो मोरचुदाचा, पंपातून आलेला,
आमच्याच भावकीतला.

मग हरभऱ्याच्या बांधाला
जवसाची एक ओळ.

कार्ड शेजारी धरलं.
तीनशे चार? नाही.
तीनशे सहा? जवळपास, पण मेलेला.
वारा आला की फूल हलायचं
आणि नंबर चुकायचा.

कौतिकबाई पाणी भरत होत्या.
"काय मोजता भाऊ?"
"रंग."
"मग उरका. बारापर्यंत झडतो त्यो.
आन् आमी त्येलासाठी पेरलाय."
आंबीनं फुटलेली बोटं त्यांनी पदराला पुसली.
माझ्या नखांत शनिवारचा गेरू.

सोमवारी आभाळी निळ्याचा डबा आला.
मशीननं पास केलेला.
मी म्हटलं, परत घोटा.
का, ते दाखवता येईना.
खिशातल्या पाकळीचा
तोवर कागद झाला होता.