बारा मिनिटं गिरणी बंद

सावद्यात तेव्हा केबलवर बातम्या लागायच्या,
साडेसात ते सात बेचाळीस,
आणि त्या माझ्या डोक्यावरून जायच्या.
म्हणजे खरोखरच. गिरणीवर पत्र्याची खोली,
निळा पडदा, दोन हॅलोजन,
आणि विश्राम भंगाळे, बी.कॉम. नापास,
वर मामाचा कोट, खाली लुंगी.

पट्टा फिरला की त्याचा माइक थरथरायचा.
म्हणून सात अठ्ठावीसला तो जिन्यावर पाय आपटायचा
आणि मी खटका ओढायचो.
सोनुबाई म्हणायची, काय रे भाऊ,
तुह्या बातम्यापायी माह्ये लेकरं उपाशी.
पण थांबायची. सगळ्याच थांबायच्या डबे धरून,
छताकडं बघत. पीठ हळूहळू खाली बसायचं,
आवाज वरून यायचा:
आजचा केळीचा भाव. उद्या नळ नाही.
निंभोऱ्याच्या फाटकात ट्रक अडकला आहे.

एकदा हतनूरचे दरवाजे उघडल्याची चिठ्ठी आली.
हा वाचायलाच तयार होईना.
एसटीडीवर जाऊन धरणाच्या चौकीला फोन,
तीनदा, स्वतःच्या पैशानं.
त्या दिवशी गिरणी एकवीस मिनिटं बंद.
सोनुबाईसुद्धा बोलली नाही.

मग तो गेला. जळगाव, नाशिक, हैदराबाद, नोएडा.
गेला म्हणजे चढत गेला,
जिल्हा प्रतिनिधी, ब्यूरो, इनपुट, आउटपुट.
मी म्हटलं, आउटपुटला आमच्यात पीठ म्हणतात.
फोनवर खूप हसला.
तेव्हा तो स्वतः फोन उचलायचा.

गावी आलाच तर गुरुवारी नाही.
गुरुवारी आकडे यायचे.
कसले, तर किती डोळे किती वेळ लागले त्याचे.
कोणत्या काट्यावर मोजतात, मी विचारलं.
त्यानं समजावलं. मला नाही समजलं.
त्यालाही, मला वाटतं, पूर्ण नाही.

तापीच्या पुलावरून बस गेली ती रात्र.
लाल पट्टी, त्याच्याच चॅनलची, सगळ्यांच्या आधी:
मृतांत सावद्याचे इच्छाराम फिरके.
इच्छाराम माझ्यासमोर उभे,
पाच किलो दादर, वर उडीद,
कळणा जरा जाड दे म्हणत.
त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
म्हणाले, नाव तर शुद्ध लिहिलंय.
सुरतेची लेक रात्रीच्या गाडीनं रडत निघाली,
पहाटे बाप अंगणात दात घासताना दिसला
तर आधी त्यालाच दोन बुक्क्या मारल्या.

मी फोन लावला. सर मीटिंगमध्ये.
रात्री दीडला त्याचा आला.
एकतीस सेकंद, देवचंदभाऊ,
बाकीच्यांच्या आधी एकतीस सेकंद.
मी विचारलं, चौकीला फोन केला होतास?
तिकडून बराच वेळ नुसता एसीचा आवाज.

त्याला काढलं ते यासाठी नाही.
यानंतर तर खुर्ची आणखी मोठी झाली.
काढलं आकड्यांनी, दोन वर्षांनी,
गुरुवारीच.

परवा आला. गाडी लांब उभी करून,
आईचा पितळी डबा घेऊन रांगेत, सहावा.
पोरीबाळींनी ओळखलं नाही.
वरच्या खोलीत आता मी रिकामी पोती टाकतो.
साडेसातला दोन मिनिटं कमी
आणि माझा हात आपसूक खटक्याकडं गेला,
हाताला काय माहीत कोण कुठून उतरलं.
तो म्हणाला, राहू दे भाऊ. चालू दे.

रांगेत पाचवे होते इच्छाराम.
विश्राम त्यांच्या खांद्याशी वाकला, काहीतरी बोलला.
पट्ट्याच्या आवाजात मला अक्षर कळलं नाही.
इच्छारामांनी कानामागं हात धरला.
त्यानं पुन्हा सांगितलं.
मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं,
मानेच्या शिरा फुगवून,
केसांवर पीठ बसत होतं तरी.

त्याचा डबा भरला, काट्यावर ठेवला.
साडेचार किलो.
पैसे द्यायला लागला.
मी घेतले.