उशांची चळत

आम्हा किरगिझांच्या घरी भिंतीशी रचून ठेवतात
गोधड्या, त्यांवर उशा, छताला टेकेपर्यंत.
पाहुणा उंबऱ्यातूनच मोजतो
घर किती भरल्या हाताचं.
मीही मोजते.
गावातली दवाखान्याची बाई मी, माझं मोजणं निराळं.

शेयशेनच्या घरची चळत
कापणीच्या वेळी माझ्या कपाळाएवढी होती.
बर्फ पडला तेव्हा खांद्याशी आली.
आज छातीशी.
"उशा कुठे गेल्या, बुरुल?"
चहा ओतता ओतता ती म्हणाली,
"त्याच्या पाठीमागे.
आधी एक घेतली, मग दुसरी,
आता चार लागतात, तरी पहाटे उठून बसतो,
खिडकी उघडतो. या थंडीत.
म्हणतो, खोलीतली हवा संपली."

म्हातारा हसला.
"वय झालं. शिवाय आमचा डोंगर
दरवर्षी थोडा वाढतो."
एवढं बोलतानाही मध्ये एकदा थांबला,
चढावर घोडा थांबतो तसा,
मालकाने न सांगता.

म्हणून मी घोड्याचंच विचारलं.
(आडूनच विचारावं लागतं. या माणसांना
दुखतं का म्हटलं की उत्तर एकच: नाही.)
"वरच्या मेंढवाड्यापर्यंत जातोस अजून, एका दमात?"
"जातो की. फक्त त्या फुटक्या दगडापाशी उतरतो.
नाल बघतो."
"रोज?"
"रोज."
तो गप्प झाला, तेव्हा बुरुल म्हणाली,
"नाल मागच्याच महिन्यात नवे ठोकलेत."

"दगडापाशी होतं काय, शेयशेन?"
"तंग एक भोक जास्त आवळल्यासारखं.
घोड्याचा नाही. माझा.
डाव्या हाताला मुंग्या.
थोडा उभा राहिलो की सैल होतो."
दाखवताना त्याने बोट नाही लावलं कुठे,
अख्खी मूठ ठेवली छातीच्या मधोमध.
मी त्या मुठीला घाबरते.

मोजे उतरवले. घोट्यावर अंगठा दाबला.
खळी पडली आणि तिथेच राहिली
मळलेल्या कणकेत राहते तशी.
दारातले बूट त्याच्या मुलाचे होते,
दोन मापं मोठे.

वीस वर्षांमागे कालिक आला होता माझ्याकडे
जबडा धरून, घामाने चिंब.
मी दातदुखीची गोळी दिली.
तो दवाखान्याच्या कुंपणापर्यंत पोचला.
त्याच्याबद्दल एवढंच सांगते.

"नारीनला जायचं. आत्ता."
"मेंढ्या व्यायला आल्यात."
"त्यांना तुझी गरज नाही, त्यांना वाट ठाऊक आहे."
यावर तो पुन्हा हसायला गेला,
पण हसण्याइतका श्वास नव्हता.

शेजारच्या पोराने गाडी काढली,
मागची बटाट्याची पोती उतरवली.
म्हाताऱ्याला चालू दिलं नाही,
खुर्चीसकट उचलून पुढे बसवला,
खोगिरावर बसवतात तसा, शिव्या खात.
बुरुल उशा आणायला आत गेली
आणि लवकर बाहेर आली नाही.

दारातून पाहिलं:
एक उशी पोटाशी घेऊन ती भिंतीला टेकलेली,
मोकळा हात मागे वळवून
खांद्यांच्या मधली पाठ चाचपत.
चेहरा चुन्यासारखा, वरच्या ओठावर घाम.
"काही नाही गं. कालपासून मळमळतंय.
रात्र रात्र त्याच्यापाशी जागते ना. थकले."

चळतीतून तिने स्वतःसाठी
एकही उशी काढली नव्हती.
मी इतके महिने
फक्त गेलेल्या मोजत आले होते.

"मागे जागा झालीय," मी म्हटलं.
"कुणासाठी?"

बाहेर पोराने हॉर्न वाजवला.