आडुमच्या बाजारात मॉनिटर पाहताना

बाफोरच्या दुकानात एक डबा उघडाच ठेवलाय,
आत जांभळे-निळे दिवे, तीन पंखे गरगरतायत,
जणू त्या पत्र्यात कुणाचं लग्न लागतंय.
"हाच घे," तो म्हणतो, "यावर काहीही पळेल."
पळणारं काही नाही रे माझ्याकडे.
माझ्याकडे माणसं बसलेली असतात
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मांडवाखाली, दिवसभर,
आणि मध्ये एक जण झोपलेला.

कुमासीत शनिवार म्हणजे अंत्यविधी.
तीन कॅमेरे, सहा तास, वरून ड्रोन,
कारण हॅम्बुर्गचा मुलगा ऐकत नाही.
कुणी किती सेडी दिले ते माईकवर वाचतात,
ती यादी कापायची नाही.
एकदा एक नाव कापलं,
दोन घरं वर्षभर बोलली नाहीत.

चौदा हजार आहेत, त्यातले चार बहिणीचे.
प्रोसेसर मधला चालेल.
रात्री रेंडर लावते, झोपते, सकाळी झालेलं असतं.
मेलेल्यांना घाई नसते, नातेवाइकांना असते,
त्यांना सोमवार सांगते आणि बुधवारी देते.
रॅम मात्र बत्तीस.
सोळावर अशी अडखळते गाडी
की ढोलवाल्याचा हात वर जातो तो वरच राहतो,
आणि आवाज कधीच येऊन गेलेला असतो.

डिस्क दोन.
"एकच मोठी घे, स्वस्त पडेल."
त्याला मी आग्यापाँग मास्तरांचं सांगत नाही.
ते एकाच डिस्कवर होते.
टक टक टक असं वाजलं,
मग तेही थांबलं.
त्यांची बायको आली तेव्हा अजून काळ्यातच होती.
"दुसरी प्रत असेलच ना तुझ्याकडे?"
मी पाणी आणायला आत गेले
आणि बराच वेळ पाणीच आणत राहिले.

मग पडदे.
खिशातून माझा पेनड्राइव्ह काढला,
चौदा सेकंदांचा तुकडा:
आफ्रिये मावशी, झाडाखाली, उन्हं कलताना, बिरिसी नेसलेली.
बिरिसी म्हणजे आमचं सुतकाचं काळं,
त्यात नीळ मुरलेली असते,
पण जवळ जाणाऱ्यालाच दिसते.

पहिल्या पडद्यावर मावशी नाहीच.
खुर्ची आहे, भिंत आहे, मध्ये भोक.
दुसऱ्यावर कापड आलं, चेहरा गेला.
तिसरा भलताच दिमाखदार,
त्यानं तिला राख फासली.
"ब्राइटनेस वाढवू?"
नको. वाढवला की भिंत पेटते
आणि ती काही उजळत नाही, नुसती फिकटते.

चौथा कोपऱ्यात होता, कुठल्याशा छापखान्यानं काढून टाकलेला,
स्टँडचा एक स्क्रू गायब.
त्यावर मावशी बसली.
काळ्यावर काळं, घडीत घडी, तळाशी नीळ,
गालावरून उतरून वाळलेली रेघ,
आणि मांडीवर हात: रुमाल दुमडतायत, उलगडतायत, पुन्हा दुमडतायत.
हे मीच टिपलं होतं.
तीन वर्षं माझ्याजवळ होतं आणि मला माहीत नव्हतं
की ती सगळा वेळ कॅमेऱ्यामागे पाहत होती.
त्या शनिवारी मी कुणाकडून पैसे घेतले नव्हते.

"दोन हजार," बाफोर जरा हळू म्हणाला.
बाराशे. स्क्रू नाही.
"पंधराशे, आणि स्क्रू शोधून देतो."

ग्राफिक्स कार्डापुरते उरले नाहीत.
बोर्डावरची ती खाच रिकामी राहील,
हरमॅटन सुटला की धूळ जाईल तिच्यात.
त्यानं तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली, फुकट.
आणि यूपीएस?
जुना आहे, दहा मिनिटं तग धरतो.
विजेच्या खेळाला इथे दुमसोर म्हणतात, विझ-पेट.
विझणं दहा मिनिटांत सेव्ह होतं,
पेटण्याची वाट पाहायची सवय आहे.

ट्रोट्रोत मॉनिटर खिडकीशी ठेवला,
जुन्या चादरीत गुंडाळून, पट्टा लावून.
पैसे गोळा करणाऱ्या पोरानं विचारलं, टीव्ही?
हो म्हटलं.
त्यानं दोन सीटांचं भाडं घेतलं.