काळी तार

प्रज्योत, तुझा आवाज काल रात्री ऐकला.
साडेचार मिनिटं, मध्ये तीनदा कोंबडा.
दहावीला एकोणसाठ टक्के, आयटीआयचा फॉर्म भरलाय,
आणि शेवटी घाईघाईत, आई आत गेल्यावर:
काका, तिकडे इलेक्ट्रिशियनला स्कोप आहे का?

लगेच बोलणार होतो.
पण जुबैलला ऑगस्टमध्ये रात्रीची हवाही
न पिळलेल्या गोधडीसारखी अंगावर पडते,
आणि आमच्या खोलीचा एसी बंद आहे.
खोलीत सहा जण. सहाही वीजवाले.
म्हणून तर बंद आहे.

स्कोप आहे. आईला एवढंच सांग.
बाकीचं तू ऐक.

माझ्या प्रमाणपत्रावर 'वीजतंत्री' छापलंय,
पहिल्या इकाम्यावर 'आमिल' होतं. आमिल म्हणजे मजूर.
पगार दोन वर्षं त्या दुसऱ्या शब्दाचा मिळाला.
ट्रेड टेस्ट वाशीच्या एका गाळ्यात झाली,
प्लायवूडवर जिन्याचा दिवा, दोन स्विच, वीस मिनिटं.
मी चौदाव्या मिनिटाला दिवा लावला.
एजंट म्हणाला, हात चांगला आहे,
आणि त्या चांगल्या हाताकडे नव्वद हजार मागितले.
पावती नाही. तू पावतीशिवाय पाणीसुद्धा पिऊ नकोस.
करारावर तुझ्या कामाचं नाव स्वतः वाच,
इंग्रजी येत नसेल तर येईस्तोवर सही करू नकोस.

आता मुख्य गोष्ट.
भुवड सरांनी दोन वर्षं आमच्याकडून घोटून घेतलं:
लाल, पिवळा, निळा जिवंत,
हिरवा मातीचा,
काळा परतीचा.
काळ्याला भिऊ नका रे, म्हणायचे,
काळा काम संपवून घरी निघालेला असतो.

इथे काळा जिवंत.
इथे परतीचा निळा.

हे मला कागदावर माहीत होतं, प्रज्योत.
हाताला माहीत नव्हतं.
चौथ्या दिवशी, पंपहाऊसच्या पॅनेलपाशी
डोकं विचार करायच्या आत बोटं काळ्याकडे गेली,
जुन्या ओळखीच्या माणसाकडे जावीत तशी.

रोडेलने ब्रेकर पाडला म्हणून ही गोष्ट मी सांगतोय.
फिलिपिन्सचा, आमचा फोरमन, बुटका, अर्धा बहिरा.
ओरडला नाही. पाणी दिलं.
मग रोज रात्री मेसमध्ये माझ्या ताटाशेजारी
वायरचे चार-पाच तुकडे टाकायचा
आणि मी भाताचा घास तोंडाशी नेला की
एकावर बोट ठेवायचा.
उत्तर चुकलं की माझी मासळी त्याची.
तीन आठवडे मी कोरडा भात खाल्ला.
शिकणं सोपं होतं रे. विसरणं शिकायला
कुठल्याच आयटीआयमध्ये ट्रेड नाही.

त्यानंतर त्याने मला कुलूप दिलं. लाल, माझ्या फोटोचं.
काम करताना मेन स्विचला लावायचं, किल्ली स्वतःकडे.
किल्ली खिशात असेतो
कंपनीचा मालक आला तरी वीज सोडू शकत नाही.
तेव्हा माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता
आणि किल्ली माझ्या खिशात.
बऱ्याच रात्री मी ती उशाखाली घेऊन झोपलोय.

आता मीच नव्या पोरांपुढे तुकडे टाकतो.
परवा दुलारचंद नावाचा एक आला, छपऱ्याचा,
त्याचाही हात काळ्याकडे गेला.
मी त्याची मासळी खाल्ली नाही. खायला हवी होती.

मोटार शीक. ड्रॉइंग वाचायला शीक.
टेस्टर आधी जिथे वीज आहे हे पक्कं ठाऊक आहे तिथे लावून बघ,
मेलेला टेस्टर सगळ्यालाच मेलेलं म्हणतो.

आपल्या पडवीतला बोर्ड मी गेल्या सुट्टीत केलाय,
भुवड सरांच्या रंगात.
तिथे काळा अजून परतीचा आहे.
तरी टेस्टर लाव.