खोली

येनाच्या आमच्या छोट्या थिएटरात
शनिवारी दुपारी इर्मट्राउट दाराशी चष्मे वाटते.
खेळ सुटला की एकेक पुसते,
बोटांचे ठसे, लाह्यांचं मीठ, कुणाची तरी पापणी.
स्वतः कधी घालत नाही.

लहानपणी तिचा डावा डोळा नाकाकडे पळायचा.
सातव्या वर्षी कापून, शिवून सरळ केला त्यांनी,
पण तोवर मेंदूनं
त्याच्याकडे काणाडोळा करायचं ठरवून टाकलं होतं.

पडद्यातून मासा बाहेर येतो तेव्हा
सगळी डोकी एकदम मागे सरतात.
एखादं पोर हात लांबवून हवेतच मूठ मिटतं.
ती अंधारात उभी.
मासा नाही, मूठ बघते.
हात किती पुढे गेला
त्यावरून ताडते मासा कुठवर आला होता.

मी चाळीस वर्षं दुर्बिणींची भिंगं घासली,
जोडीजोडीनं. एका डोळ्याचं म्हणून
कधी काही केलं नाही.

सोमवारी जुना मूकपट. चष्मे कपाटात.
आगगाडीच्या खिडकीतून कुणीतरी कॅमेरा धरलाय:
तारेचे खांब सपासप मागे,
कुंपण जरा दमानं,
गोठा रेंगाळतो,
आणि डोंगर तर गाडीसोबतच चाललेला.
शेजारून तिचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.
म्हटलं, अगं, हे तर सपाट.

तिकिटाची सुरळी करून तिनं माझ्या हातात दिली.
"फोल्कमार, एक डोळा मीट. यातून बघ.
पडद्याची कड दिसू देऊ नकोस."

आधी काही नाही. करड्या रंगाचं कापड.
मग कुंपण सुटून अलीकडे आलं,
त्याच्यामागे हवा शिरली,
गोठ्याच्या दारात आत जाता येईल इतका अंधार.
दुसरा डोळा उघडला, आणि लगेच चुगली:
कापड आहे, अकरा मीटरवर, उजव्या कोपऱ्यात ठिगळ.
मी पुन्हा मिटला.
रीळ संपेपर्यंत मिटलेलाच.

नंतर पायऱ्यांवर बसलो, बाहेर बर्फ.
तिनं थर्मासचं तोंड कपाच्या काठाला टेकवलं,
टक् असं वाजलं,
मग ओतली कॉफी.
नऊ वर्षं मी तो आवाज ऐकतोय.
मला वाटायचं, हिची शिस्त.