दहा सेकंद

नकाशावर माझा विभाग तळहाताएवढा.
गाडीनं निघालं की सकाळ संपते,
वाळूच्या टेकड्या संपत नाहीत.
नेब्रास्काच्या या कोपऱ्यात सात शाळा,
साती मिळून एक वाचा-उपचारक,
अर्धा मानसशास्त्रज्ञ,
उरलेला अर्धा शेजारच्या विभागाचा,
आणि ब्रेलचं यंत्र एकच.
ते सोमवार-मंगळवार टोलिव्हरला असतं,
बुधवारी माझ्या मागच्या सीटवर
पट्टा लावून बसतं, शहाण्या पाहुण्यासारखं.

लोक विचारतात, तू नेमकं करतेस काय?
शिकवत नाही. तपासत नाही. उपचारही नाही.
एका गावाची नड
दुसऱ्या गावाच्या सवडीला बांधते,
बर्फ पडला की गाठ सुटते,
मी पुन्हा फोन घेऊन बसते.

ऑगस्टमध्ये प्रशिक्षण.
शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या, चव्वेचाळीस मदतनीस,
बास्केटबॉलच्या रेघेवर कॉफीची टाकी.
पडद्यावर मी लिहिलेलं:
प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबा.
मूल गप्प नसतं, वाटेत असतं.
हे वाक्य मला आवडतं. तीन वर्षं वापरतेय.

म्हटलं, करून बघू या.
घड्याळ लावलं.
चौथ्या सेकंदाला कुणी खोकलं,
सहाव्याला खुर्ची कुरकुरली,
सातव्याला मीच बोलले.

हशा ओसरला तशी
मागच्या रांगेत ओडेट प्रूशा उठली.
दोन्ही वेळा शाळेची बस चालवते,
मधल्या वेळात मदतनीस, तासावर पगार.
म्हणाली, दहा पुरत नाहीत, लोर्ना.
एमेट चढतो त्यांच्या फाटकाशी.
मी म्हणते, गुड मॉर्निंग, एमेट.
मग पवनचक्की येते,
मग गुरं अडवायची लोखंडी जाळी,
मग तो वाकलेला टपालडबा,
पुलावर चाकांचा आवाज बदलतो
तेव्हा मागून येतं, मॉर्निंग, ओडेट.
अडीच मैल. मोजलेत मी.
गेल्या हिवाळ्यात चार होते.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
ती खाली बसली, कप शोधू लागली.

एमेट माझ्या फायलीत आहे.
मी त्याला तीनदा भेटले, वीस-वीस मिनिटं.
पान सहा, माझंच अक्षर:
अभिवादनाला प्रतिसाद देत नाही.

फॉर्मला रकाने आहेत:
आठवड्याला किती मिनिटं, कोण देतं, त्याची पात्रता काय.
मी लिहिलं, अडीच मैल, बसचालक.
वरच्या कार्यालयातून परत आला:
एकक चुकलं आहे.
मिनिटं करून पाठवली.
पुन्हा परत: पात्रता जोडलेली नाही.

ऑक्टोबरात मी त्या बसमध्ये बसले,
डावीकडे, तिसऱ्या सीटवर.
तो चढला. निळी टोपी, एक बूट सैल.
मी म्हटलं, गुड मॉर्निंग, एमेट,
आणि जीभ दाताखाली धरली.
पवनचक्की. जाळी. टपालडबा.
पूल आला, चाकांचा आवाज बदलला,
मागे काहीच नाही.
शाळा आली. तो उतरून गेला.
आरशातून ओडेट म्हणाली,
नवीन माणसाला रस्ता जास्त लागतो.
मला ते सांत्वन वाटलं,
आणि सांत्वनाचा मला राग येतो.

दुपारी सव्वाचारला फोन.
मी टोलिव्हरच्या रस्त्यावर, मागे यंत्र पट्ट्यात.
ओडेट म्हणाली, आत्ता उतरला घरी.
पायरीवर थांबला होता, सैल बूट खालच्या पायरीवर,
डावीकडच्या रिकाम्या तिसऱ्या सीटकडे बघून म्हणाला,
मॉर्निंग.
मला नव्हतं ते.

मी गाडी कडेला घेतली.
फाईल शेजारी होतीच, पान सहा उघडलं,
खोडायला पेन शोधलं.
मिळालं नाही.
डिकीत असेल, चित्रांच्या फळ्यांखाली कुठंतरी.
वारा इतका होता की दार उघडेना.